पावाच्या कडा

“आज कडा नकोत, मार्था,” आण्णा म्हणाले. “आज मधला तुकडा दे.”

आई पाव कापत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, असायचं आणि त्याची तयारी आदल्या शनिवारी आमच्या स्वयंपाकघरात व्हायची. पावाच्या चारी बाजूंच्या तपकिरी कडा काढायच्या, मधल्या पांढऱ्या भागाचे लहान चौकोनी तुकडे करायचे आणि स्टीलच्या ताटात रचून वर इस्त्रीचा रुमाल टाकायचा. शेजारी स्टोव्हवर काळ्या मनुका उकळत असायच्या. त्यांचं पाणी गाळलं की झाला द्राक्षरस. उरलेल्या कडा घरच्यांच्या. मी आणि आण्णा त्या चहात भिजवून खायचो आणि शेवटच्या कडेसाठी भांडायचो.

आण्णा म्हणजे आईचे वडील, शांतवन मास्तर. मिशनच्या शाळांतून गावोगाव शिकवून, रविवारी त्याच शाळेत उपासना घेऊन म्हातारे झालेले. आजी गेल्यावर आई त्यांना आमच्याकडे घेऊन आली. बाबा बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक. चर्चच्या आवारातलंच दोन खोल्यांचं घर, मागे एस.टी.चा डेपो. त्यामुळे बाबांच्या निम्म्या प्रार्थना गाड्यांच्या घरघरीत देवापर्यंत पोचायच्या, असं आण्णा म्हणत.

त्या शनिवारी आण्णा खाटेवरून उठू शकत नव्हते. त्यांच्या छातीत पाणी झालं होतं आणि डॉक्टरांनी बाबांना बाहेर अंगणात नेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. आण्णांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं.

“मधला तुकडा उद्याचा आहे, आण्णा,” आई म्हणाली.

“म्हणून तर मागतोय. उद्या पाळकसाहेबांच्या हातून दे. शेवटचं.”

आईची सुरी थांबली. मला तेव्हा सोळावं सरलं होतं, नुकताच बाप्तिस्मा झाला होता आणि मंडळीचे सगळे नियम मला तोंडपाठ होते. त्यामुळे ती का थांबली हे मला समजावून सांगायची गरज नव्हती.

आमच्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली सिमेंटचा हौद होता. माणसानं कळत्या वयात, समजून-उमजून, आपल्या पायांनी त्या पाण्यात उतरायचं आणि पाळकानं त्याला पुरतं बुडवून वर काढायचं. हाच बाप्तिस्मा. तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडलेलं आमच्यात चालत नसे. आण्णांच्या मिशनच्या मंडळीत तर तीच रीत. म्हणजे ज्या माणसानं जन्मभर शुभवर्तमान शिकवलं, त्याचा आमच्या हिशेबी बाप्तिस्माच झालेला नव्हता आणि ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याला प्रभुभोजन नाही. दर पहिल्या रविवारी आण्णा शेवटच्या बाकामागे, दाराजवळच्या लाकडी खुर्चीवर बसत. ताट सगळ्या बाकांवरून फिरे आणि त्यांच्यापाशी न थांबता परत जाई. “आम्ही शिंपडलेले, तुम्ही बुडवलेले,” घरी आल्यावर ते मला चिडवत. “पण शनिवारी कडा खाताना कोण विचारतो?” मी हसायची. आई हसत नसे.

आईसुद्धा शिंपडलेलीच. बाबांशी लग्न ठरलं तेव्हा मंडळीनं अट घातली, म्हणून लग्नाच्या आदल्या रविवारी तिला हौदात उतरवलं. ऐन जानेवारी. ती गोष्ट ती रंगवून सांगायची. “पाणी इतकं गार, की ‘विश्वास ठेवतेस का’ विचारल्यावर माझे नुसते दात वाजले. तेच ‘हो’ धरलं त्यांनी.”

आईनं हात धुतले आणि ती बाहेरच्या खोलीत गेली. बाबा उद्याचा उपदेश लिहीत बसले होते.

“आण्णा प्रभुभोजन मागताहेत,” ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली नाही. “त्यांच्या पाळकांना निरोप दे.”

“सकाळीच पोस्टातून ट्रंककॉल केला. ते परिषदेला नागपूरला गेलेत. आठवडाभर येत नाहीत.”

“मग आल्यावर.”

“डॉक्टर काय म्हणाले ते मी नाही, तुम्ही ऐकलंत.”

बाबांनी पेन ठेवलं. माझे बाबा वाईट माणूस नव्हते हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणी त्यांना राक्षस ठरवील. कुणाच्या घरी आजारपण असलं तर सायकल मारत जायचे, उशाशी बसायचे. आण्णांचं लघवीचं डबडं तेच साफ करत होते, आईला करू देत नव्हते.

“मार्था, नियम माझा नाही, मंडळीचा आहे,” ते म्हणाले. “लोकांना एक सांगायचं आणि घरच्यासाठी दुसरं करायचं? उद्या व्यासपीठावर कुठल्या तोंडानं उभा राहू?”

“कुणाला कळणार आहे?”

“देवाला कळेल ना.”

यावर पाळकाच्या बायकोनं काय बोलायचं? बाबाच पुन्हा म्हणाले, “आणि पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. मला ठेवायचं की नाही यावर हात वर होणार. उबाळे पंच आधीच म्हणताहेत की हा पाळक मऊ आहे.”

मंडळीचा कारभार पंच पाहत आणि पंचांत उबाळे म्हणतील ती पूर्वदिशा. डेपोत हेड मेकॅनिक होते. आवाज असा, की इंजिन चालू असतानाही पलीकडच्या माणसाला ऐकू जावा. मागच्या पाळकांना त्यांनीच वर्षभरात सामान बांधायला लावलं होतं.

बाबा आण्णांच्या खाटेपाशी गेले, खाली बसले. “आण्णा, एक मार्ग आहे. तुम्ही बाप्तिस्मा घ्या. आज संध्याकाळी. हौदात कोमट पाणी भरतो, दोघं-तिघं मिळून धरू. जास्त वेळ नाही लागणार. मग उद्या मी स्वतः...”

आण्णांना हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, “पाळकसाहेब, मी महिन्याचा होतो. दुष्काळाचं साल. माझी आई मला पदरात गुंडाळून, उन्हातान्हात दोन गावं चालत गेली आणि पाळकाच्या हातात दिलं. आता वर गेल्यावर ती पहिली भेटणार. तिला काय सांगू? तुझं चालणं फुकट गेलं, म्हणून तुझ्या नातजावयानं मला परत बुडवलं?”

“तिचा प्रश्न नाही, आण्णा. प्रश्न तुमच्या विश्वासाचा आहे.”

“त्याची काळजी तुम्ही करू नका,” आण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

रविवारी सकाळी त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली. पांढरा सदरा मागितला. उशीला टेकून बसले. खिडकीतून चर्चमधली गाणी ऐकू येत होती आणि ते ओठ हलवत होते. प्रभुभोजनाचं गाणं संपलं, गाड्यांची घरघर तेवढी राहिली, मग आशीर्वाद झाला. बाबा घरात आले तेव्हा आण्णांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हातात बायबल होतं, बाकी काही नव्हतं. आण्णा म्हणाले, “सुवार्ता, सदरा काढ गं. चुरगळेल.”

मंगळवारी, सूर्य डोक्यावर यायच्या आत, ते गेले.

बाबांनी दफनविधीला फार सुंदर उपदेश केला. विश्वासू सेवक, प्रभूच्या मळ्यातला जुना कामकरी, असं बरंच. लोकांचे डोळे भरून आले. जिवंतपणी ज्यांना दाराजवळची खुर्ची, ते मेल्यावर पहिल्या रांगेत जाऊन बसले. मला त्या वेळी बाबांचा मनस्वी राग आला होता आणि मी तो आईजवळ बोलून दाखवला.

“असं बोलू नये,” आई म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. “तुझे बाबा ताठ आहेत, पण सरळ आहेत. ताठ माणसाशी संसार करता येतो. त्यांनी आण्णांना दिलं नाही, तसं कुणालाच दिलं नसतं. एवढ्यावर मी राहिलेय त्यांच्याजवळ.”

चौथ्या दिवशी उबाळे पंचांच्या लीलाबाई दुःखाच्या घरी पोचवायचा कडू घास घेऊन आल्या. पिठलं, भाकरी, ठेचा. बाबा बाहेरगावी गेले होते. लीलाबाई मनानं चांगली बाई. पोटात काही ठेवायची नाही, ओठांवरच सगळं. आईला जवळ घेऊन रडली, मग डोळे पुसून म्हणाली, “एक बरं झालं, पाळकीणबाई. मास्तर घरात पाळक आसताना गेले. प्रभुभोजन घिऊन गेले आसतील न्हाई का?”

आईनं भाकरीचं फडकं सोडलं.

“आमच्या आईचं बी तसंच झालं बघा. ती पण मास्तरांच्याच मिशनची, लहानपणी शिंपडलेली. हौदात उतर म्हणून ह्यांनी किती सांगितलं, पन म्हातारी ऐकती कुठं. आन शेवटाला बसली की हटून, मला प्रभुभोजन पायजेच म्हणून. मग ह्यांनीच पाळकसाहेबांना सांगितलं. आले बिचारे भरदुपारी, दार लावून घेतलं, आपल्या हातानं तिला भरवलं. म्हातारीच्या तोंडावर असं समाधान आलं, काय सांगू! कुणापाशी बोलू नका म्हणाले व्हते. पन तुम्ही तर त्यांच्या घरातल्याच. तुम्हाला काय, ठावं आसंलच.”

“हो,” आई म्हणाली. “भाकरी छान झालीय, लीलाबाई. अशी पातळ मला जमत नाही.”

लीलाबाई गेल्यावर आईनं ती भाकरी मला वाढली. स्वतः नुसतं पाणी प्यायली.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. आईनं ताट ठेवलं, पिठलं वाढलं आणि समोर बसली. “उबाळ्यांच्या सासूला कडा दिल्या होत्या की मधला तुकडा?”

बाबांचा घास हातातच राहिला. ‘कोण म्हणालं’ असं ते विचारतील असं मला वाटलं होतं. ते विचारलं नाही. घास त्यांनी ताटात परत ठेवला.

“ते वेगळं होतं,” ते म्हणाले.

“कसं?”

“पंचांनी सांगितलं होतं. नाही म्हटलं असतं तर त्याच आठवड्यात आपलं सामान रस्त्यावर आलं असतं. सुवार्ताची दहावी होती. कुठं गेलो असतो?”

“आणि आण्णांचं?”

“आण्णांचं उबाळ्यांना कळलं असतं तर त्यांनी तेच धरून मला काढलं असतं. तू त्यांना ओळखत नाहीस.”

“म्हणजे माझ्या बापानं पंच व्हायला हवं होतं,” आई म्हणाली. “एवढंच चुकलं त्यांचं.”

तिनं आवाज चढवला नाही. उठून तिनं बाबांना अजून अर्धी भाकरी वाढली. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोलायला आले की ती ऐकून घ्यायची, हो-नाही करायची. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटे. भांडणाला शेवट असतो.

पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार आला. आईनं पाव कापला, मनुका उकळल्या, रुमालाला इस्त्री केली. कडा एका वाटीत काढून ठेवल्या. मी त्यांना हात लावला नाही, तिनंही नाही.

आमच्या मंडळीची एक रीत इथं सांगायला हवी. प्रभुभोजनाचं ताट ज्यानं न घेता पुढे जाऊ दिलं, त्याच्या मनात कुणाविषयी तरी किल्मिष आहे असं धरत. मग पंचांपैकी एकानं तिथंच उभं राहून विचारायचं, “कुणाशी बिघडलंय?” त्यानं नाव सांगायचं आणि दोघांचा समेट झाल्याशिवाय ताट पुढे सरकायचं नाही. एकदा दोन जावांचं कोंबडीवरून बिघडलं होतं तर सगळी मंडळी ताटकळत बसली आणि त्या दोघी व्यासपीठासमोर गळ्यात गळे घालून एकमेकींना चिमटे काढत होत्या.

त्या रविवारी चर्च भरलं होतं, कारण उपासनेनंतर वार्षिक सभा. बाबांनी पाव मोडून प्रार्थना केली आणि ताट घेऊन पहिल्या बाकापाशी आले. पहिला बाक आमचा. मी घेतलं. आईनं ताट हातात घेतलं, त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारणीकडे दिलं.

शेजारीण गोंधळली. ताट तसंच हातात धरून बसली. उबाळे पंच उठले. रीत म्हणजे रीत, पाळकाची बायको असली तरी. पण त्यांचा तो गाजलेला आवाज जरा खालीच आला. “पाळकीणबाई, कुणाशी बिघडलंय का?”

आई उभी राहिली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. उबाळ्यांकडे पाहिलं. त्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण मागे बायकांच्या बाकावर लीलाबाईंनी तोंडाला पदर लावला होता. एक नाव, एक वाक्य, आणि त्या दिवशी पाळकही गेला असता आणि पंचही. आईच्या हातात ते होतं.

“कुणाशी नाही,” आई म्हणाली. “माझा बाप्तिस्मा झालेला नाही.”

चर्चमध्ये कुजबुज झाली. उबाळे म्हणाले, “असं काय बोलता? ह्याच हौदात झालाय. माझे वडील हजर होते.”

“हौदात मी लग्नासाठी उतरले होते, पंच. प्रभूसाठी नाही. पाळकसाहेब दर वेळी इथूनच सांगतात, विश्वासाशिवाय बुडवलं तर ती नुसती आंघोळ. मग माझी आंघोळ झाली. बाप्तिस्मा म्हणाल तर मी तान्ही असताना माझ्या वडिलांनी मांडीवर घेऊन दिला, तेवढाच. तो तुमच्यात चालत नाही.”

“पाळकीणबाई, दुःखात आहात तुम्ही. बसा खाली.”

“दुःख आहेच. पण शुद्धीवर आहे,” आई म्हणाली. “माझं नाव काढून टाका.”

मग ती बाकातून बाहेर आली, मधल्या वाटेनं सगळ्यांच्या देखत मागे चालत गेली आणि दाराजवळच्या आण्णांच्या खुर्चीवर जाऊन बसली. पदर नीट केला. बाबा अजून पहिल्या बाकापाशीच उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील, चूक माझी आहे. मी देवाजवळ अक्षरशः मागितलं की ह्यांना बोलू दे. बाबांनी शेजारणीच्या हातातलं ताट घेतलं आणि दुसऱ्या बाकाकडे वळले.

उपासनेनंतर सभा झाली. बाबांना ठेवायचं का, या प्रश्नाला सगळ्यांत आधी उबाळ्यांचा हात वर गेला. स्वतःच्या बायकोच्या बाबतीतही ज्या पाळकानं नियम मोडला नाही, असा पाळक शोधून सापडायचा नाही, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईचं नाव सभासदांतून काढायचा ठराव झाला तेव्हा मात्र कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात वर गेले.

बाबा निवृत्त होईपर्यंत त्याच मंडळीत राहिले. दर पहिल्या शनिवारी आईनं पाव कापला आणि दर पहिल्या रविवारी ती त्या खुर्चीवर बसली. बाबा ताट घेऊन शेवटच्या बाकापर्यंत येत, तिच्यापासून हाताच्या अंतरावर, आणि परत फिरत. घरात तिनं त्यांचं काहीही कमी केलं नाही. वेळेवर चहा, पथ्याचं जेवण, झग्याला नीळ. फक्त ‘अहो’ म्हणायचं सोडलं. आण्णा म्हणत तसं तीही त्यांना ‘पाळकसाहेब’ म्हणू लागली. लोकांना ते आदराचं वाटे.

गेल्या साली आई गेली, माझ्या घरी. दोघंही माझ्याकडेच राहत होते. उबाळे कधीच वारले होते, लीलाबाईही. नियम विचारणारं कुणी उरलं नव्हतं. तिचा शेवटचा आठवडा होता. एका सकाळी बाबा काठी टेकत स्वतः दुकानात गेले, पाव घेऊन आले आणि स्वयंपाकघराचं दार लोटून बराच वेळ आत खुडबुड करत राहिले. बाहेर आले तेव्हा अंगात जुना पांढरा झगा होता. हातात बशी, बशीवर रुमाल.

ते आईच्या पलंगापाशी उभे राहिले. रुमाल काढला. मधला पांढरा तुकडा होता, वेडावाकडा कापलेला.

“मार्था,” ते म्हणाले. “घे.”

आईनं डोळे उघडले. तुकड्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिचा आवाज फार खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

“माझा बाप्तिस्मा झालेला नाही, पाळकसाहेब.”

बाबा रडायला लागले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. मी त्यांना धरलं. आईनं त्यांचं रडणं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, “कडा असतील तर द्या. चहात भिजवून.”

कडा त्यांनी कापल्या होत्या आणि टाकून दिल्या होत्या. मी म्हणाले, मी दुसरा पाव आणते. त्यांना ते ऐकू आलं नाही. ते झग्यासकट स्वयंपाकघरात गेले, ओट्याला धरून खाली वाकले आणि कचऱ्याच्या डब्यात हात घालून कडा शोधू लागले.